भरलेल्या जलाशयाचा सांडवा : वनस्पतींच्या मायटोकॉन्ड्रियात पोटॅशिअमची वाट कशासाठी?

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीचं ऊर्जाकेंद्र, हे वाक्य शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं. पुढच्या वर्गांत त्याला एक अट जोडली जाते. या ऊर्जाकेंद्राचं आतलं पटल घट्ट हवं, विद्युतभार असलेले कण त्यातून मनाला येईल तसे पाझरता कामा नयेत, नाहीतर ऊर्जा तयारच होणार नाही. हे सगळं नीट पचलेलं असताना १९९९ साली इटलीतल्या संशोधकांनी गव्हाच्या मायटोकॉन्ड्रियाबद्दल एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. ज्या पटलातून काही पाझरू नये असं आपण शिकलो, नेमक्या त्याच पटलात पोटॅशिअमला आत येण्यासाठी एक वाट आहे, असं त्यांनी दाखवलं होतं.

ही चुकून राहिलेली फट नाही. ती उघडते, बंद होते आणि कोणाचं ऐकून उघडायचं हे तिला कळतं. जीवशास्त्र वाचणाऱ्या बहुतेकांना इथे कोडं पडतं : एवढ्या कष्टानं साठवलेली ऊर्जा वनस्पती आपल्याच हातानं का वाया घालवेल? माझ्या मते या विषयाचा सगळा गाभा या प्रश्नाच्या उत्तरात आहे. थोडी ऊर्जा वेळेवर सोडून देणं हा पेशीच्या बचावाचाच भाग आहे, आणि ते किती सोडायचं यावर पीक तगणं-न तगणं बरंच अवलंबून असतं.

आधी जलाशय समजून घेऊ

मायटोकॉन्ड्रियाला दोन पटलं असतात. बाहेरचं पटल तसं सैल, लहान रेणू त्यातून सहज ये-जा करतात. खरा कारभार आतल्या, घड्या पडलेल्या पटलावर चालतो. साखरेच्या विघटनातून निघालेले इलेक्ट्रॉन या पटलातल्या प्रथिनांच्या साखळीतून एकाकडून दुसऱ्याकडे जातात आणि शेवटी ऑक्सिजनला मिळून पाणी तयार होतं. या प्रवासात जी ऊर्जा सुटते तिच्यावर साखळीतली प्रथिनं पंपासारखी चालतात. ती हायड्रोजनचे धनभारित आयन, म्हणजे प्रोटॉन, आतून बाहेर उपसतात. (आयन म्हणजे विद्युतभार असलेला अणू, एवढंच लक्षात ठेवलं तरी पुढचं कळेल.)

उंचावर बांधलेला एखादा जलाशय डोळ्यांसमोर आणा. पंप खालचं पाणी उपसून वर चढवतात, आणि तेच पाणी टर्बाइनमधून खाली येताना वीज देतं. मायटोकॉन्ड्रियात पाण्याच्या जागी प्रोटॉन आहेत. टर्बाइनच्या जागी एक फिरणारं प्रथिन आहे आणि विजेच्या जागी एटीपी, म्हणजे पेशीची सगळी कामं ज्याच्यावर चालतात तो ऊर्जावाहक रेणू. पीटर मिचेल या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९६१ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा तिला कडाडून विरोध झाला. १९७८ मध्ये तिच्याचसाठी त्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

या जलाशयाची उंची मोजता येते. आतल्या पटलाच्या दोन बाजूंमध्ये साधारण १८० मिलिव्होल्टचं विभवांतर, म्हणजे विद्युतदाबातला फरक, असतं, आतली बाजू ऋण. ऐकायला हा आकडा किरकोळ वाटतो. पण पटलाची जाडी जेमतेम सहा नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या सहापट. एवढ्याशा अंतरात १८० मिलिव्होल्ट म्हणजे मीटरमागे तीन कोटी व्होल्टचं विद्युतक्षेत्र झालं. कोरड्या हवेत ठिणगी पडायला मीटरमागे सुमारे तीस लाख व्होल्ट पुरतात. झाडाच्या प्रत्येक जिवंत पेशीतलं पटल त्याच्या दहापट ताण रात्रंदिवस पेलत असतं.

झाडं प्रकाशसंश्लेषण करतात, त्यांना हे कशाला हवं?

ही शंका हमखास येते. हरितलवकांत सूर्यप्रकाशावर एटीपी बनतं हे खरं, पण ते मुख्यतः तिथेच, साखर तयार करण्यात खर्ची पडतं. मुळांना प्रकाश मिळत नाही, उगवणाऱ्या बीजाला पानं नसतात, आणि रात्र तर रोजच होते. दिवसभरात पकडलेल्या कार्बनचा एक तृतीयांश ते निम्मा भाग वनस्पती श्वसनात खर्च करतात. त्यामुळे मायटोकॉन्ड्रिया झाडांनाही आपल्याइतकेच लागतात.

जलाशय भरून वाहू लागला की

आता खरी अडचण. समजा टर्बाइन मंदावलं. पाण्याचा ताण बसला, जमिनीत क्षार वाढले, थंडी पडली, पेशीची वाढ थांबली आणि एटीपीची मागणी घटली. पंप मात्र चालूच आहेत. जलाशय काठोकाठ भरतो. भरलेल्या जलाशयात आणखी पाणी चढवणं पंपांना जड जातं, आणि इलेक्ट्रॉनांची साखळी तुंबते.

तुंबलेले इलेक्ट्रॉन स्वस्थ बसत नाहीत. साखळीच्या शेवटी ऑक्सिजनला चार इलेक्ट्रॉन एकदम मिळाले तर निरुपद्रवी पाणी होतं. मधल्याच टप्प्यावर ऑक्सिजनच्या एका रेणूनं एकच इलेक्ट्रॉन उचलला तर सुपरऑक्साइड तयार होतं. त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पुढची मारक रसायनं बनतात, जी मेद, प्रथिनं आणि डीएनए यांची नासधूस करतात. थोड्या प्रमाणात हे रेणू पेशीत निरोप पोचवण्याचं उपयोगी कामही करतात. प्रमाण सुटलं की तेच पेशीच्या मुळावर येतात.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. विभवांतर आणि सुपरऑक्साइड यांचं नातं सरळ रेषेतलं नाही. प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियांवर १९९७ मध्ये रशियन संशोधकांनी दाखवलं की विभवांतर अगदी वरच्या टोकाला असताना ते थोडंसं जरी उतरवलं, तरी या मारक रसायनांची निर्मिती झपाट्यानं घसरते. म्हणजे जलाशय रिकामा करायची गरज नाही. पातळी थोडी खाली आणली तरी पंप मोकळे होतात. त्यासाठी धरणाला सांडवा लागतो. वनस्पतींच्या मायटोकॉन्ड्रियातली पोटॅशिअमची वाट हा असाच एक सांडवा आहे.

पोटॅशिअम आत आल्यानं पातळी कशी उतरते?

पोटॅशिअमचा आयन धनभारित असतो आणि मायटोकॉन्ड्रियाची आतली बाजू ऋण. वाट उघडली की तो आपोआप आत खेचला जातो. आत धनभार वाढला म्हणजे विभवांतर तेवढं उतरलं. याच पटलात आणखी एक प्रथिन असतं. ते एक पोटॅशिअम बाहेर सोडतं आणि बदल्यात एक प्रोटॉन आत घेतं. दोन्ही पावलं एकत्र धरली तर पोटॅशिअम आत आलं नि परत गेलं, आणि एक प्रोटॉन टर्बाइनला न शिवता खाली उतरला. पाणी सांडव्यावरून गेलं, वीज झाली नाही.

पटलातून आयनांना जाऊ देणाऱ्या अशा प्रथिनाच्या वाटेला आयन वाहिनी म्हणतात. गव्हातल्या या वाहिनीचं वैशिष्ट्य असं की एटीपी तिला बंद करतं, तर सुपरऑक्साइड आणि सुटे मेदाम्ल तिला उघडतात. सुटे मेदाम्ल म्हणजे ताणाच्या वेळी पटलांमधल्या स्निग्ध पदार्थांतून मोकळे झालेले रेणू. हे वाचल्यावर मी थांबून पुन्हा वाचलं होतं. ज्या विषारी रेणूला आळा घालायचा, तोच वाट उघडण्याची किल्ली आहे. सुपरऑक्साइड वाढलं की वाहिनी उघडते, वाहिनी उघडली की सुपरऑक्साइड घटतं, आणि ते घटल्यावर वाहिनी उघडी ठेवणारा जोर ओसरतो. बाहेरून कोणी लक्ष ठेवण्याची गरजच उरत नाही.

यावर चौकस वाचक विचारेल : एटीपीची मागणी घटली म्हणजे एटीपी साचणार, आणि एटीपी तर वाट बंद करतं, मग ऐन गरजेच्या वेळी सांडवा उघडणार कसा? शंका रास्त आहे. पण वाहिनी एकाच खुणेवर चालत नाही. एटीपी तिला बंदकडे ढकलतं, सुपरऑक्साइड आणि मेदाम्लं उघडकडे, आणि या ओढाताणीत जो जोर वरचढ ठरेल तशी ती किलकिली किंवा सताड होते. शिवाय ताण लांबला की दुरुस्तीचा खर्च वाढतो, एटीपी घटू लागतं, आणि बंद करणारा हातच सैल पडतो.

ही वाट दिसली कशी?

एवढी सूक्ष्म गोष्ट माणसानं पाहिली कशी, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. इटालियन गटानं ड्युरम, म्हणजे बन्सी गव्हाची रोपं अंधारात उगवली. अंधारातली रोपं फिकट पिवळी राहतात, त्यांत हिरवी हरितलवकं तयार होत नाहीत, त्यामुळे मायटोकॉन्ड्रिया वेगळे काढताना भेसळ कमी होते. थंड द्रावणात रोपं वाटायची, गाळायची आणि वेगानं फिरवून थरांमधून मायटोकॉन्ड्रिया वेगळे करायचे.

मग ते पोटॅशिअम क्लोराइडच्या द्रावणात सोडायचे. अखंड मायटोकॉन्ड्रिया प्रकाश विखुरतात, त्यामुळे द्रावण दुधाळ दिसतं. पोटॅशिअम आत शिरलं की त्याच्यामागे पाणी शिरतं, ते फुगतात आणि द्रावण नितळ होत जातं. उपकरणावर प्रकाशाची रेष खाली उतरताना दिसते. घट्ट पटलाचे मायटोकॉन्ड्रिया असे फुगवायचे तर व्हॅलिनोमायसिन नावाचं, पोटॅशिअमला पटलापार नेणारं प्रतिजैविक घालावं लागतं. गव्हाचे मायटोकॉन्ड्रिया त्याच्याशिवायच भराभर फुगले. द्रावणात एटीपी टाकलं की फुगणं मंदावलं. नुसती गळती एटीपीचं ऐकत नाही, म्हणून इथे नियंत्रण असलेली वाट आहे हा निष्कर्ष निघाला.

पुढे इटलीतच वाटाण्याच्या खोडांत अशीच वाट सापडली. पोलंडमधल्या संशोधकांनी बटाट्याच्या कंदात कॅल्शिअममुळे उघडणारी वेगळी, मोठ्या क्षमतेची पोटॅशिअम वाहिनी दाखवली. म्हणजे हा गव्हापुरता चमत्कार नाही, आणि वाट एकाच प्रकारचीही नाही. प्राण्यांत एटीपीनं बंद होणारी अशी वाहिनी उंदराच्या यकृतातल्या मायटोकॉन्ड्रियांत १९९१ मध्येच नोंदली गेली होती.

सोडिअम लहान असूनही का अडतो?

क्षारपड जमिनीत सोडिअम मुबलक असतं आणि त्याचा आयन पोटॅशिअमपेक्षा लहान. मग मोठ्याला वाट आणि लहानाला मज्जाव, हे कसं? याचा उलगडा अमेरिकी शास्त्रज्ञ रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये एका जिवाणूच्या पोटॅशिअम वाहिनीची रचना अणूअणूपर्यंत उलगडून केला. २००३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पाण्यात प्रत्येक आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचं कडं असतं. वाहिनीच्या अरुंद भागात शिरायचं तर ते सोडावं लागतं, आणि सोडायला ऊर्जा लागते. तिथले ऑक्सिजन अणू अशा अंतरावर बसवलेले असतात की पोटॅशिअमला पाण्याच्या कड्याची भरपाई तंतोतंत मिळते. सोडिअम लहान, त्याला ते सगळे अणू एकाच वेळी गाठता येत नाहीत, म्हणून पाणी सोडणं त्याला परवडत नाही. त्या जिवाणूच्या वाहिनीतून सेकंदाला सुमारे दहा कोटी पोटॅशिअम आयन जाऊ शकतात, आणि दहा हजार पोटॅशिअममागे एखादंच सोडिअम चुकून निसटतं.

आत येतच राहिलं तर मायटोकॉन्ड्रिया फुटणार नाही?

फुटेल, जर अदलाबदल करणारं ते दुसरं प्रथिन नसेल तर. हिशेब करून पाहू. विभवांतराच्या दर ६० मिलिव्होल्टमागे धनभारित आयन आत दहापट साठू शकतो. १८० मिलिव्होल्ट म्हणजे दहा गुणिले दहा गुणिले दहा, हजारपट. पेशीद्रवात पोटॅशिअमची संहती साधारण ०.१ मोलर (मोलर हे संहती मोजण्याचं एकक) असते, मग आत ती १०० मोलर व्हायला हवी. शुद्ध पाण्यात पाण्याचे रेणूसुद्धा फक्त ५५ मोलर असतात! अर्थात हे अशक्य आहे. तिथवर पोचण्याच्या कितीतरी आधी पाणी आत घुसून मायटोकॉन्ड्रिया टरारून फुटेल. म्हणूनच पोटॅशिअम बाहेर काढणारी सोय असलीच पाहिजे, हे मिचेलनं आधीच ताडलं होतं. सांडव्याला खालचा नाला जोडलेला नसेल तर धरण वाचत नाही.

कधी कधी पेशीला हे फुटणं हवंही असतं. वाहिनी सताड उघडी राहून मायटोकॉन्ड्रिया फुगला की बाहेरचं पटल फाटतं, त्यातून सायटोक्रोम सी हे प्रथिन निसटतं आणि पेशीच्या नियोजित मृत्यूची प्रक्रिया पुढे सरकू शकते. वाटाण्यावर काम करणाऱ्या गटानं हा धागा विशेष तपासला. झाडात नियोजित मृत्यू रोजचा आहे. पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या मेलेल्या पेशींच्याच बनतात, आणि रोगजंतू शिरल्यावर आसपासच्या पेशी स्वतःला संपवून त्याची वाट अडवतात.

ऊर्जा तर जातेच ना?

जाते, आणि किती जाते हे ताणाच्या तीव्रतेवर ठरतं. ड्युरम गव्हावर काम करणाऱ्या गटानं २०११ मध्ये याचाच छडा लावला. ताण न बसलेल्या रोपांच्या मायटोकॉन्ड्रियांत वाहिनी उघडून विभवांतर कोसळलं, तरी एटीपीचं उत्पादन कमी झालं नाही. हे विसंगत वाटतं, पण साठवलेल्या ऊर्जेची रूपं दोन आहेत : एक विभवांतर आणि दुसरं दोन बाजूंच्या आम्लतेतला फरक. पोटॅशिअम आत शिरताना पहिलं उतरतं, पण पंपांना प्रोटॉन उपसायला वाव मिळून दुसरं वाढू शकतं. टर्बाइन त्यावर चालत राहत असेल ही एक शक्यता, पण हे अजून पक्कं ठरलेलं नाही.

मध्यम ताणाच्या रोपांत याचा सगळ्यात मोठा फायदा दिसला. वाहिनी बंद असताना आणि पूर्ण उघडी असताना मारक रसायनांच्या निर्मितीत सुमारे ३५ पटींचा फरक पडला, आणि तरीही एटीपी बनत राहिलं. तीव्र ताणात मात्र चित्र पालटलं : वाहिनी उघडल्यावर एटीपीचं उत्पादन जवळजवळ ९० टक्क्यांनी घटलं. ताणाच्या सुरुवातीला जी सोय पेशीला तारते, तीच ताण हाताबाहेर गेल्यावर तिला रिकामं करते. वाहिनी ‘चांगली की वाईट’ असं विचारण्यात म्हणूनच अर्थ नाही. ताण किती आणि किती काळ, हे आधी विचारायला हवं.

अशा सोयी आधीच असताना आणखी एक कशाला?

वनस्पतींकडे पातळी उतरवायच्या दुसऱ्याही युक्त्या आहेत. एक पर्यायी विकर (एन्झाइम) इलेक्ट्रॉनांना पंपांना वळसा घालून थेट ऑक्सिजनपर्यंत नेतं. आणखी एक प्रथिन प्रोटॉनांनाच टर्बाइन टाळून आत येऊ देतं. पण या तिघांना जाग आणणाऱ्या खुणा पूर्णपणे सारख्या नाहीत, आणि त्यांची काम करण्याची पद्धतही वेगळी आहे. झाडाला ऊन चुकवून दुसरीकडे जाता येत नाही. जिथे रुजलं तिथेच दुष्काळ, क्षार आणि थंडी सोसायची, तर एकाच सोयीवर विसंबणं त्याला परवडणारं नाही.

मग पालाश, म्हणजे पोटॅशिअमचं खत, जास्त घातलं तर पीक ताण सोसेल का?

या संशोधनाचा असा अर्थ काढणं चूक आहे, आणि हे मला ठासून सांगावंसं वाटतं. पालाश कमी पडलं तर पीक दुबळं होतं यात वाद नाही. पर्णरंध्रांची उघडझाप, साखरेची वाहतूक आणि कित्येक विकरांचं काम पोटॅशिअमवर अडतं. पण वनस्पती पेशीद्रवातलं पोटॅशिअम मोठ्या काटेकोरपणे एका पातळीवर राखते. टंचाई आली तर आधी रिक्तिकेतला, म्हणजे पेशीच्या मधल्या मोठ्या पोकळीतला, साठा वापरला जातो, आणि जास्तीचं मिळालं तर तेही तिथेच जातं. मायटोकॉन्ड्रियाला बाहेर दिसणारं पोटॅशिअम त्यामुळे फारसं हलत नाही. शिवाय वाहिनी उघडायची की नाही हे एटीपी, सुपरऑक्साइड आणि मेदाम्लं ठरवतात. माती परीक्षणात पालाश पुरेसं असेल तर जादा पोत्यानं हा सांडवा उघडत नाही.

पुढचं काम कुठे अडलं आहे?

वाहिनीचं वागणं नोंदलं गेलं, पण वनस्पतींमध्ये ती घडवणारं प्रथिन आणि त्याचं जनुक यावर संशोधकांचं एकमत झालेलं नाही. प्राण्यांतही वाहिनी दिसल्यापासून तिचे घटक निश्चित व्हायला २०१९ साल उजाडलं, म्हणजे २८ वर्षं गेली. तोवर ती खरी आहे की प्रयोगातला आभास, यावर कडवट वाद झाले. वनस्पतींबाबत तीच शंका घेणाऱ्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही, कारण वेगळ्या काढलेल्या मायटोकॉन्ड्रियांत दुसऱ्या पटलांची थोडीफार भेसळ राहतेच. मात्र वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या वनस्पतींवर आणि निरनिराळ्या पद्धतींनी पोटॅशिअमची ही ये-जा पुन्हा पुन्हा दिसली आहे. माझ्या मते ती आहे की नाही हा प्रश्न मागे पडला आहे.

जनुक हाती लागलं की ते बंद केलेली रोपं वाढवता येतील आणि शेजारी साधी रोपं ठेवून दोघांना सारखाच पाण्याचा ताण देता येईल. वाहिनी नसलेली रोपं आधी कोमेजली, त्यांच्यात सुपरऑक्साइड जास्त साचलं, तर सांडव्याची ही कल्पना अख्ख्या जिवंत झाडात तपासली गेली असं म्हणता येईल. आणि ताण लांबल्यावर तीच रोपं उलट जास्त तगली, तर तीव्र ताणात वाहिनी उघडी राहणं झाडाला महाग पडतं हेही सिद्ध होईल. मग पीक सुधारणा करणाऱ्यांना वाहिनीची संख्या वाढवण्यापेक्षा ती वेळेवर बंद होईल अशी वाणं शोधावी लागतील.